गायन कमी दाबाने होईल

"निमंत्रणांचं माझ्यावर सोड," असं हेडक्लार्क म्हणाले तेव्हा त्यांच्या तोंडात अर्धं बिस्किट होतं. त्यामुळे वाक्य कोणालाच नीट ऐकू गेलं नाही. शहाण्या माणसाने ही संधी साधून गप्प बसायला हवं होतं. पण बायकोने "काय म्हणालात?" असं विचारलं, आणि हेडक्लार्कांनी बिस्किट गिळून तेच वाक्य पुन्हा, जास्त मोठ्याने आणि छातीवर हात ठेवून म्हटलं. पुढचा सगळा गोंधळ या दुसऱ्या वेळच्या म्हणण्यातून झाला.

हेडक्लार्क पाणीपुरवठा खात्यात होते. पाणी कधी येणार नाही हे नागरिकांना कळवणं, हे त्यांचं काम. (पाणी कधी येणार, हे कळवायला खात्यात कोणी नव्हतं.) त्यांनी लिहिलेली सूचना खात्याच्या फळ्यावर लागे आणि पुढची लागेपर्यंत कोणी तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. त्यांच्या बायकोचं मात्र उलट होतं. ती घरच्या पुढच्या खोलीत मोठ्या माणसांना गाणं शिकवायची, आणि तिचं ऐकायला येणारे दिवसेंदिवस वाढत होते. तिला सगळे 'बाई' म्हणत. बाईंच्या वर्गात एक दातांचे डॉक्टर होते, बेकरी चालवणाऱ्या एक मावशी होत्या आणि एक निवृत्त बसड्रायव्हर होते. बसड्रायव्हरांचा आवाज लागला की खिडकीबाहेरची रहदारी आपोआप बाजूला होते, असं शेजारचे म्हणत.

तर या मंडळींचा जाहीर कार्यक्रम ठरला होता. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं सभागृह मिळालं होतं. बाईंना धास्ती एकाच गोष्टीची होती. मागे एकदा असाच कार्यक्रम केला होता, तेव्हा खुर्च्यांपेक्षा स्टेजवर जास्त माणसं होती. ऐकायला जे मोजके आले होते त्यांतले एक झोपले, आणि दुसरे विजेचं मीटर बघायला आलेले निघाले. बाई त्यावर चारचौघांत खूप हसल्या होत्या आणि घरी येऊन स्वयंपाकघरात, नळ सोडून ठेवून, रडल्या होत्या. (नळाला त्या दिवशी पाणी होतं. हेडक्लार्कांना तेवढंच समाधान.)

"गाणं थोडं चुकलं तरी चालेल मला," त्या म्हणाल्या, "पण रिकाम्या खुर्च्यांसमोर पुन्हा नाही गाणार. या वेळीही तसंच झालं ना, तर वर्ग बंद. मी सांगून ठेवते."

हे त्यांनी शांतपणे सांगितलं, म्हणून हेडक्लार्क घाबरले. बायको ओरडते तेव्हा काही होत नाही, हा त्यांचा अनुभव होता.

पत्ते भरपूर जमले होते. वाचनालयाचे सभासद, डॉक्टरांचे पेशंट, बेकरीची गिऱ्हाइकं, नातेवाईक, हेडक्लार्कांचं ऑफिस. सगळ्यांनी 'जरूर ई-मेल पाठवा' असं आपणहून सांगितलं होतं. हेडक्लार्कांनी काय करावं? घरच्या कॉम्प्युटरवर बसून सगळे पत्ते एकाच मेलमध्ये कोंबले आणि चाचणी म्हणून 'नमस्कार' एवढंच लिहून बटण दाबलं. लगेच त्यांचं ई-मेलचं खातं बंद पडलं. पडद्यावर आलं, 'आपल्या खात्यात संशयास्पद हालचाल आढळली आहे.'

"संशयास्पद? तुमची?" बाई चहा गाळताना म्हणाल्या. "त्यांनी तुम्हाला बघितलेलं दिसत नाही."

तेव्हा बाईंचा भाऊ मदतीला धावला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, आणि गिऱ्हाइकांना तो नेहमी ई-मेलने सवलती कळवायचा.

"भावोजी, एवढी पत्रं एकदम आपल्या पत्त्यावरून नाही पाठवायची. रिले घ्या."

"रिले? पळायचं कोणी?"

"कोणी पळायचं नाही हो. कंपन्या असतात त्याच्या. आपण पत्र कंपनीच्या हातात द्यायचं, ती पुढे सगळ्यांना पोचवते. थोडी पत्रं असली तर फुकट. कुठलीही एक घ्या आणि मोकळे व्हा."

'कुठलीही एक घ्या' हे शब्द सरकारी माणसासमोर बोलू नयेत. हेडक्लार्कांच्या खात्यात नळाचा वायसर घ्यायचा झाला तरी तीन ठिकाणचे दर मागवतात, तुलनात्मक तक्ता करतात, तो वर पाठवतात, आणि तो खाली येईपर्यंत नळ आपोआप गंजून बंद होतो. बायकोच्या आयुष्याचा प्रश्न असताना हेडक्लार्क कुठलीही एक कशी घेतील? त्यांनी तीन कंपन्या निवडल्या आणि तिन्ही एकदम वापरून बघायला घेतल्या. कंपन्यांची नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून प्रत्येकीच्या चित्रावरून त्यांनी बारसं केलं : रॉकेट, कबूतर आणि कासव.

रॉकेटने पहिल्याच दिवशी अपमान केला. नाव, पत्ता, व्यवसाय सगळं विचारून घेतलं, थोडा वेळ गोल फिरलं आणि सांगितलं, 'पाठवणारा म्हणून आपली पत : शून्य.'

"बघ काय म्हणतंय," हेडक्लार्क बायकोला म्हणाले.

बाईंनी चष्मा लावून वाचलं. "यांना एका दिवसात कळलं?"

रॉकेट तिथेच बाद झालं.

कबूतर फार लाघवी होतं. त्यात पत्राला वेलबुट्टी काढता यायची, अक्षरं वळणदार करता यायची, मागे फिकट गुलाबी रंग देता यायचा. हेडक्लार्क कबुतरावर लट्टू झाले. जन्मभर 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहिलेल्या माणसाला गुलाबी कागद मिळाला की काय होतं, ते सांगायला नको. त्यांनी कबुतरात बसून बाईंच्या कार्यक्रमाचं निमंत्रण लिहिलं. 'स्वरांच्या सरोवरात' पासून सुरुवात केली आणि 'आपल्या पदकमलांची चाहूल' इथपर्यंत पोचले. वाचून त्यांचे स्वतःचेच डोळे पाणावले. बाईंना ते एकदम कार्यक्रमाच्या दिवशी दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं. पण फुकटच्या कबुतरात एक खोट निघाली. पत्राच्या खाली कंपनीचं कबूतर नाचायचं. ते काढता येत नव्हतं. नाचून झालं की ते वाचणाऱ्याकडे बघून एक डोळा मिटायचं.

"बायको गाणार आणि खाली हे डोळा मारणार," हेडक्लार्क मेहुण्याला फोनवर म्हणाले. "शोभतं का?"

"मग तिसरी कंपनी घ्या ना, भावोजी!"

तिसरं कासव. ते दिसायला अगदी सरकारी होतं. करडा रंग, चौकोनी बटणं, नटणं नाही, मुरडणं नाही. पत्रं एकदम नाही, थोडी थोडी पाठवायचं, पण सगळी पोचवण्याची हमी द्यायचं. आणि त्यात एक सोय अशी होती की ती वाचून हेडक्लार्क खुर्चीतून उठून उभे राहिले. पाठवणाऱ्याचा पत्ता असा ठेवता यायचा की त्याला कोणी उत्तरच देऊ शकणार नाही. पत्राखाली आपोआप ओळ यायची, 'कृपया उत्तर देऊ नये.' ज्या घरात आपण काहीही बोललं की स्वयंपाकघरातून, माजघरातून आणि फोनवर असलो तर पलीकडूनही उत्तर येतं, अशा घरात राहणाऱ्या माणसाला ती ओळ काय वाटली असेल! त्यांनी ती दोनदा मोठ्याने वाचली.

"कोणाला सांगताय उत्तर देऊ नका म्हणून?" स्वयंपाकघरातून लगेच आलं.

आता कासव खरंच पोचवतं की नाही, हे तपासायला हवं होतं. चाचणीला काहीतरी मजकूर लागतो. हेडक्लार्कांच्या हाताशी कायम तयार असलेला मजकूर एकच, खात्याची सूचना : 'कळवण्यास खेद होतो की...' त्यांनी तीच कासवात घातली. त्यात वार, वेळ आणि ठिकाण यांच्या रिकाम्या जागा असतात. त्या भरल्या जातात की नाही तेही बघावं म्हणून कार्यक्रमाचा वार, वेळ आणि सभागृह टाकून मेहुण्याला पाठवून दिली.

मेहुण्याच्या बायकोने ती सूचना अर्धीच वाचली. कमी दाब, गढूळ पाणी, साठा, एवढं पुरे झालं. तिने घरातलं प्रत्येक भांडं भरलं. बादल्या भरल्या, पातेली भरली, फुलदाण्या भरल्या, दुकानातल्या चष्मे धुवायच्या वाट्यासुद्धा भरल्या. मेहुणा जेवायला घरी आला तेव्हा रिकामा पेला एकही नव्हता, भरलेल्याला बायको हात लावू देईना, आणि नळ धो धो चालू होता.

"भावोजी, चाचणी करताना निदान पाणी तरी तोडू नका!" तो फोनवर ओरडला. "हिने मला चमच्याने पाणी पाजलं!"

पुन्हा असा घोळ नको, म्हणून हेडक्लार्कांनी चाचणीच्या मजकुरातला 'पाणी' हा शब्दच काढायचं ठरवलं. कासवात सोय होती : एक शब्द सांगायचा, त्याच्या जागी दुसरा सांगायचा, यंत्र सगळीकडे बदलून टाकतं. 'पाणी'च्या जागी काय घालावं? पुढच्या खोलीत बसड्रायव्हरांनी नेमका सूर लावला होता. हेडक्लार्कांनी घातलं, 'गायन'. यंत्राने जिथे जिथे पाणी होतं तिथे तिथे गायन केलं. (यंत्राला पाणी कळतं. पण 'पाण्याचा' म्हणजेही पाणीच, हे त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं.) असा तो मजकूर मेहुण्याला पुन्हा गेला. त्याने या वेळी न वाचताच 'पोचलं' म्हणून कळवलं, आणि कासव पास झालं.

या सगळ्यात दिवस चालले होते. बाई रोज संध्याकाळी विचारायच्या, "गेली का निमंत्रणं?" आणि हेडक्लार्क रोज सांगायचे, "तुलना चालू आहे."

शेवटी एका सकाळी बाई साडीला पिन लावता लावता थांबल्या. "अहो, कार्यक्रम या शनिवारी आहे. तुमची तुलना काय पुढच्या जन्मापर्यंत चालणार आहे का? आज गेली नाहीत तर मी स्वतः दारोदार जाऊन सांगते."

"आज! आत्ता!" हेडक्लार्क म्हणाले, आणि तोंडाला साबण तसाच ठेवून कॉम्प्युटरवर जाऊन बसले. निवड झालेलीच होती : कासव. पत्ते टाकले. मजकूर 'तयार' असं हिरव्या अक्षरात दिसत होतं. निमंत्रण आपण केव्हाच लिहून ठेवलं आहे, हे त्यांना पक्कं आठवत होतं. 'स्वरांच्या सरोवरात' हे शब्द त्यांच्या कानात घुमत होते. त्यांनी 'सर्वांना पाठवा' हे बटण दाबलं आणि शीळ घालत दाढी पुरी केली.

वाचकांच्या लक्षात आलं असेल. हेडक्लार्कांच्या मात्र आलं नाही. सरोवर कबुतरात राहिलं होतं.

ऑफिसात दुपारच्या डब्यानंतर त्यांच्या फोनने टिंग केलं. कासव हळूहळू वाटप करत ऑफिसच्या यादीतल्या त्यांच्या पत्त्यापर्यंत पोचलं होतं. आपलंच पत्र आपल्याला आलेलं बघून त्यांना मौज वाटली. टेबलावर फोन टेकवून, चष्मा पुसून, ते कौतुकाने वाचायला बसले.

'कळवण्यास खेद होतो की, येत्या शनिवारी सायंकाळी सहा वाजता वाचनालयाच्या सभागृहात अपरिहार्य कारणास्तव गायनपुरवठा कमी दाबाने व अनियमित होईल. सुरुवातीस येणारे गायन गढूळ असण्याची शक्यता आहे. नागरिकांनी घाबरून न जाता गायन गाळून व उकळून घ्यावे. पाण्याचा पुरेसा साठा करून ठेवावा. वृद्ध, आजारी व लहान मुले यांची विशेष काळजी घ्यावी. होणाऱ्या गैरसोयीबद्दल दिलगिरी. कृपया उत्तर देऊ नये.'

हेडक्लार्कांनी कासवाच्या मदत-खिडकीत बोटं आपटायला सुरुवात केली.

'थांबवा!'

'नमस्कार. आम्ही आपली कशी मदत करू शकतो?'

'माझी पत्रं थांबवा! लगेच!'

'धन्यवाद. थांबवण्याची आपली विनंती रांगेत लावली आहे.'

'रांगेत कुठे?'

'आपल्या पत्रांच्या मागे.'

मग त्यांनी कबुतराचे पाय धरले. खरं निमंत्रण तिथून पाठवू, नाचलं तर नाचू दे, मिटलाच डोळा तर मिटू दे! पण कबुतराने गोड आवाजात सांगितलं की खातं नवीन आहे, आधी काही दिवस ओळखीच्यांना थोडी थोडी पत्रं पाठवून ते गरम करावं लागेल. (हेडक्लार्कांचे कान, गाल आणि डोकं तोवर गरम झालं होतं. खातं तेवढं थंड होतं.)

एवढ्यात मेहुण्याचा फोन आला. पलीकडून बराच वेळ नुसता गुदमरल्याचा आवाज येत होता.

"भावोजी... ताईचं गाणं... उकळायचं किती वेळ?"

"हसू नकोस रे! काय करू सांग."

"ताईला सांगा."

"तिला सांगू? वेडा आहेस का? वर्ग बंद करेल ती!"

"मग नका सांगू. ती कार्यक्रमापर्यंत फोन कपाटात ठेवते ना? शनिवारी कोणी आलं नाही की आपोआप कळेल तिला."

मेहुण्याचा स्वभाव मदतीचा, पण मदत अशी.

त्या संध्याकाळी सांगूनच टाकायचं, असं ठरवून हेडक्लार्क घरी गेले. बाई इस्त्री करत होत्या आणि गुणगुणत होत्या. त्यांनी हेडक्लार्कांच्या हातातली पिशवी घेतली, न मागता चहा दिला, वर दोन बिस्किटं दिली.

"गेली ना सगळी?" त्या म्हणाल्या.

"गेली," हेडक्लार्क म्हणाले. थांबवता येत नाहीत म्हणजे गेलीच की.

"तुम्ही होतात म्हणून मी निवांत गाऊ शकले बघा आज. नाहीतर सारखं डोक्यात तेच, कोण येणार, कोण नाही." आणि त्यांनी हेडक्लार्कांच्या कॉलरची सुरकुती हाताने नीट केली.

हेडक्लार्कांनी बिस्किट तसंच बशीत ठेवलं. सांगायचं होतं तेही तसंच राहिलं. लग्नानंतर इतकं प्रेमाने कोणी बोललेलं नसताना ऐन वेळी ते आपल्याच गुन्ह्याबद्दल असावं, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

शनिवारी हेडक्लार्क सभागृहात सगळ्यांच्या आधी पोचले. त्यांनी एक योजना आखली होती. खुर्च्या थोड्याच मांडायच्या आणि त्याही एकमेकींपासून हात-हात लांब, म्हणजे चार माणसं आली तरी हॉल भरल्यासारखा दिसेल. ते खुर्ची सरकवायचे, मागे जाऊन डोळे बारीक करून बघायचे आणि आणखी सरकवायचे. बाई आणि त्यांची मंडळी पडद्यामागच्या खोलीत घसे साफ करत होती.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

"गायनपुरवठा इथेच ना हो?" दारात एक आजोबा होते. त्यांच्या हातात पाण्याची मोठी बाटली होती.

"इथेच," हेडक्लार्क कसेबसे म्हणाले.

"मला वाटलं गंमत असेल. विचारावं म्हणून उत्तर लिहिलं तर जाईचना. म्हटलं, प्रत्यक्ष जाऊनच विचारू."

त्यांच्या मागून एक जोडपं आलं. त्यांचंही उत्तर गेलं नव्हतं. मग डॉक्टरांच्या पेशंटांचा एक घोळका आला, मग बेकरीची गिऱ्हाइकं, मग एक काकू चहाची गाळणी पर्समधून काढून मैत्रिणीला दाखवत आणि हसत हसत आल्या. "सूचना आहे बाई, पाळायला नको?" जो तो विचारायला आला होता, आणि आलाच आहे तर बसत होता. बाटल्या तर बहुतेकांकडे होत्या. हेडक्लार्कांनी लांब लांब मांडलेल्या खुर्च्या लोकांनी स्वतःच जवळ ओढल्या. त्या संपल्या. खालच्या वाचनकक्षातून आणखी आणल्या, त्याही संपल्या. मागे माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. दारातून ऑफिसचे मोठे साहेब शिरले आणि हेडक्लार्क त्यांना बघून खांबाआड झाले.

पडदा बाजूला झाला. बाईंनी समोर पाहिलं. गच्च भरलेला हॉल बघून त्यांचे हात जोडले गेले ते तसेच राहिले. डॉक्टर, बेकरीवाल्या मावशी, बसड्रायव्हर सगळे तोंड उघडून बघत राहिले. बाईंनी खांबाकडे नजर टाकली. हेडक्लार्कांचा अर्धा चेहरा तिथे दिसत होता. त्या अर्ध्या चेहऱ्याकडे बघून त्या अशा हसल्या की हेडक्लार्कांना रडूच कोसळायचं बाकी राहिलं.

नेमके तेव्हाच पुढच्या रांगेतले आजोबा उभे राहिले.

"बाई, सुरू करण्याआधी एक शंका. कमी दाबाने म्हणजे नक्की कसं?"

"काय कमी दाबाने?"

"हेच, तुमचं गायन. इथे लिहिलंय ना." आजोबांनी फोन पुढे केला.

बाईंनी तो घेतला. वाचू लागल्या. सवयीने मोठ्यानेच वाचलं. 'गढूळ' आलं तेव्हा हॉलमध्ये खसखस पिकली, 'उकळून' आलं तेव्हा मागचे लोक एकमेकांच्या खांद्यावर पडू लागले. 'वृद्ध, आजारी' ही ओळ बसड्रायव्हरांनी मनाला लावून घेतली. बाईंचा चेहरा मात्र हलत नव्हता. हेडक्लार्क खांबामागून आणखी एक पाऊल मागे गेले. तिथे भिंत होती.

'कृपया उत्तर देऊ नये' हे शेवटचं वाचून बाई थांबल्या. आणि मग त्यांच्या खांद्यांनी सुरुवात केली, मग पोटाने, मग सगळ्या बाईंनीच. त्या इतक्या हसल्या की डोळ्यांचं पाणी पदराने पुसावं लागलं.

"सूचना खरी आहे," त्या म्हणाल्या. "जिथून आली ते खातं मला चांगलं माहीत आहे. सुरुवातीला गढूळच येईल. नळ सोडतो ना आपण? तसं थोडा वेळ सोडून द्या. मग स्वच्छ येईल."

टाळ्यांनी हॉल दणाणला. बसड्रायव्हरांनी सुरुवात केली, आणि ती खरंच गढूळ निघाली. लोकांनी त्यालाही टाळी दिली. मागून कोणीतरी ओरडलं, "सोडून द्या, येईल स्वच्छ!" आणि बसड्रायव्हर हसले. त्यांच्या छातीवरचं कसलंसं दडपण गेलं, आणि दुसऱ्या ओळीपासून असा मोकळा आवाज लागला की बाईंनीही चमकून पाहिलं. मग डॉक्टर गायले, मावशी गायल्या, सगळे मिळून गायले, आणि शेवटी बाई एकट्या गायल्या तेव्हा हॉलमध्ये कोणी खुर्चीसुद्धा वाजवली नाही. हेडक्लार्क तोवर खांबापुढे येऊन उभे होते. हे गाणं आपण रोज वर्तमानपत्र वाचत, भाजी निवडत ऐकतो, आणि आज पहिल्यांदा ऐकतो आहोत, असं त्यांना वाटलं. त्यांना फार अभिमान वाटला आणि थोडी लाजही वाटली.

कार्यक्रमानंतर गायकांचे घसे कोरडे पडले होते. लोकांनी आपल्या बाटल्या पुढे केल्या. इतकं पाणी त्या सभागृहाने कधी पाहिलं नसेल.

मोठे साहेब गर्दीतून वाट काढत हेडक्लार्कांपर्यंत आले.

"गायनपुरवठा आपल्या खात्याकडे कधी आला?"

"साहेब, ते चुकून..."

"चुकून का होईना," साहेब म्हणाले. "आपल्या खात्याची सूचना लोकांनी शेवटपर्यंत वाचलेली मी पहिल्यांदा बघतोय." आणि त्यांनी जाता जाता बसड्रायव्हरांना विचारलं, वर्गात जागा आहे का.

घरी परतताना बाई हेडक्लार्कांचा हात धरून चालल्या होत्या. दुकानांचे दिवे लागले होते. बाई मध्येच थांबून एकट्याच हसायच्या, पुन्हा चालायला लागायच्या.

"रागावली नाहीस?" हेडक्लार्कांनी शेवटी विचारलं.

"रागावणार होते. पण खुर्च्या भरलेल्या बघितल्या आणि राग कुठे गेला कळलंच नाही." त्यांनी हात घट्ट धरला. "लोक विचारत होते, पुढचा कार्यक्रम कधी? मी सांगून टाकलं, लवकरच. आणि निमंत्रण तुम्हीच लिहायचं. दुसऱ्या कोणाला देणार नाही मी ते काम."

हेडक्लार्कांची छाती एकदम फुगली. रस्ता त्यांना जरा अरुंदच वाटू लागला.

"बघच तू!" ते म्हणाले. "या वेळी अगदी मनापासून लिहितो."

"छे छे, मनापासून नको!" बाई घाईने म्हणाल्या. "ऑफिसातलंच लिहा. लोक शेवटपर्यंत वाचतात. लग्नाआधी तुम्ही मला मनापासून पत्रं लिहायचात, ती काय मी शेवटपर्यंत वाचली?"

हेडक्लार्क रस्त्यातच उभे राहिले. "नाही वाचलीस?"

"अहो, शेवटपर्यंत वाचली असती तर लग्न झालं असतं का आपलं?"